नैवेद्याचा वास

आमच्या डोंबिवलीच्या घरात नैवेद्याची चव तर सोडाच, वाससुद्धा घ्यायचा नाही, असा दंडक होता. देवाच्या आधी कुणी हुंगलं की ते उष्टं. बाकीच्यांना हे सहज जमायचं. मला जमायचं नाही, कारण माझं नाक बंदच होत नाही. गणपतीत आई मोदकांचं सारण परतायला लागली की मी बाहेरच्या खोलीत उशीत तोंड खुपसून बसायचे, आणि तरीही मला कळायचं की आज वेलची कमी पडलीय. एकदा गूळ तळाला लागतोय हे कळलं आणि न राहवून मी ओरडले, "आई, गॅस बारीक कर!" आई कालथा हातात घेऊनच बाहेर आली. "हुंगलंस ना?"

"अगं, मी काहीच नाही केलं! वास आपला आपण आला."

"कुत्र्यासारखं हुंगू नकोस" हे वाक्य लहानपणी मी माझ्या नावापेक्षा जास्त वेळा ऐकलं असेल. नव्या वह्या, पाहुण्यांच्या शाली, औषधांच्या बाटल्या, मी सगळं नाकाला लावून बघायचे. एक उपयोग मात्र आईलाही मान्य होता. एमआयडीसीकडचा वारा सुटला की मला सगळ्यांच्या आधी चाहूल लागायची. "नेलपॉलिश येतंय!" किंवा "सडकी अंडी!" असं मी जाहीर केलं की आई भराभर खिडक्या लावून घ्यायची, आणि आमच्या खिडक्या बघून समोरच्या काकू त्यांच्या लावायच्या.

पण नाकावर कुणाचं करिअर होतं का? मी सीए व्हावं असं आईच्या मनात होतं, आणि माझे शाळेतले मार्क बघता त्यात तिची काही चूक नव्हती. ठाण्याला, कोपरीतल्या एका सीएंकडे मी आर्टिकलशिप करायला लागले. काम मान मोडून करत होते आणि परीक्षेत आपटत होते. आकड्यांशी माझं भांडण नव्हतं, पण ते समोरून गेले तरी ओळख दाखवायचे नाहीत. उलट फाईल उघडली की ती ज्या कपाटातून आली त्यात डांबरगोळ्या आहेत की झुरळं, ते मला लगेच कळायचं. सर म्हणायचे, "अगं, बॅलन्स शीट वाचायची असते."

अशातच सरांनी मला एका इसेन्स बनवणाऱ्या कंपनीत वर्षअखेरचा स्टॉक मोजायला पाठवलं. बिस्किटं, सरबतं, साबण यांत घालायचे वास तिथे पिंपांत भरून ठेवले होते. गोडाऊनच्या दारातच मी थबकले. इतकी वर्षं एकेकटी भेटणारी माणसं एकाच लग्नात एकदम समोर यावीत तसं झालं. कुणाकुणाकडे बघू! मोजता मोजता मी तिथल्या माणसाला सहज म्हणाले, "दादा, यावर संत्रं लिहिलंय, पण आत मोसंबी आहे."

"मॅडम, झाकण तर लागलेलं आहे."

"असेल. पण मोसंबी आहे."

मग वर फोन गेला आणि लॅबच्या प्रमुख बाई खाली उतरल्या. पांढरा कोट, पिकलेले केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. झाकण उघडलं. मोसंबीच होती.

बाईंनी मला वर नेलं आणि कागदाच्या बारीक पट्ट्या बाटल्यांत बुडवून एकेक माझ्या नाकाखाली धरली. "नाव नको. काय आठवतं ते सांग." मी सुटलेच. जूनमधली नवी कोरी कंपासपेटी. नीट न वाळलेला टॉवेल. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीचा गजरा. बाई आधी हसत होत्या, मग गंभीर झाल्या.

"सीए कशाला करतेयस?"

"आईला हवंय."

"आणि तुला?"

मला हे हवं होतं! हेच, हेच! लोकांना या कामाचे पैसे मिळतात हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं का नव्हतं? स्टेशनला परतताना रिक्षात मी एकटीच खिदळत होते. रिक्षावाला आरशातून बघून म्हणाला, "लॉटरी लगी क्या?" मी म्हटलं, "भैया, अभी कोई आंबे का पेटी लेके बैठा था ना?" बिचाऱ्याने आरसाच दुसरीकडे वळवला.

बाईंनी मला ट्रेनी म्हणून घेतलं. घरी मी बाबांना मोसंबीची गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. आई पाठमोरी पोळ्या लाटत होती. "वास घ्यायचे पैसे देतात?" एवढंच ती म्हणाली. बाबांनी पीएफ आहे का विचारलं, आणि आहे म्हटल्यावर त्यांचा प्रश्न मिटला. आईचा मिटला नाही. नातेवाइकांना ती "लॅबमध्ये असते" असं मोघम सांगायची, त्यामुळे शुगरच्या टेस्टला उपाशी यायचं का, असं विचारायला मला मावशीचा फोन आला. सकाळी चपला घालतानाच मी गाणं गुणगुणायचे, इतकी खूश होते. पण आज काय केलंस, असं आई कधी विचारायची नाही. तिने एकदा तरी माझ्या नाकावर विश्वास ठेवावा, एवढं एकच मला हवं होतं.

त्या वर्षी ऐन गणेश चतुर्थीला आईला सणसणीत सर्दी झाली. घर पाहुण्यांनी भरलेलं, उकड मळून तयार, आणि आई लाल नाकाने कढईसमोर. एरवी नारळ फोडला की ती प्रत्येक वाटी तिथल्या तिथे हुंगते, कारण तेव्हा तो नुसता नारळ असतो, नैवेद्य नसतो. यंदा तिला वासच येत नव्हता, आणि नारळ फोडणाऱ्या बाबांना गॅस लीक झाला तरी कळत नाही. मी बाहेर आरतीचं ताट लावत होते. वेलची, जायफळ आणि गुळाच्या मागे कुठेतरी एक खवट नारळ दडून बसलाय हे मला कळलं होतं. बोलले असते तर बोलणी बसली असती, तीही आत्यासमोर. मी निरांजनात वाती घालत राहिले.

तेवढ्यात आईची हाक आली. "इकडे ये. दार लोट."

मी आत गेले. तिने सारणाची कढई ओट्याच्या कडेला ओढली.

"देवाकडे पाठ कर," ती म्हणाली. आणि मग, घोगऱ्या आवाजात, "हुंग."

मी हुंगलं. "एक नारळ खवट आहे, आई."

"नक्की?"

"नक्की."

आता वाद होणार, असं मी धरून चालले होते. आईने कढई उचलून बाजूला ठेवली आणि बाबांना नवे नारळ आणायला पिटाळलं. आत्या धावत आत आली. "वहिनी, एवढं सारण टाकताय? पाहुणे खोळंबलेत! आणि तुम्हाला तर सर्दी झालीय, तुम्हाला कसं कळलं?"

"मला कुठे कळलं? हिने सांगितलं," आई पदराने नाक पुसत म्हणाली. "कंपनीत हेच काम करते ती. एवढाली पिंपं होती, झाकण लावलेली, आणि हिने बाहेरून मोसंबी ओळखली. सांग गं वन्संना नीट, पहिल्यापासून सांग."

मी पहिल्यापासून सांगितलं. आरती भलतीच उशिरा झाली.