बाजारातली अपन्हुती

अलंकार शिकवायचे असले की देवमन मास्तर पुस्तक मिटायचे आणि वर्गाच्या खिडक्या उघडायचे. त्यासाठी आठवडी बाजाराचा दिवसच त्यांनी राखून ठेवलेला असे. बाजार शाळेच्या भिंतीला लागूनच भरायचा. "कान द्या रे पोट्टेहो, अलंकार इकडून येऊन राह्यले," असं म्हणून ते स्वतःच खिडकीत बसायचे.

गूळवाला "मधावानी गूळ" असं ओरडला की मुलं म्हणायची, उपमा. जळगाव जामोदकडून येणारी मिरचीवाली ओरडायची, "हे मिरची नाही बाई, इस्तो हाय, इस्तो!" मिरची ही मिरची नाहीच, विस्तव आहे, असं ठासून सांगितलं की झाली अपन्हुती. मीही त्याच शाळेत मराठी शिकवत होतो. माझ्या वर्गाला ही व्याख्या तीनतीनदा घोकूनही येत नसे, आणि त्यांच्या वर्गातला पिंजाऱ्याचा रहीम ती हसतहसत सांगायचा.

देवमन मास्तर आणि मी, दोघेही अजून नोकरीत कायम झालो नव्हतो. वऱ्हाडचा कारभार तेव्हा नागपुराहून चाले, आणि शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांच्या शेऱ्यावर आमच्या नोकऱ्या लटकलेल्या असत. त्या वर्षी साहेब मला सोबत घेऊन देवमन मास्तरांच्या वर्गात शिरले आणि त्यांनी अपन्हुतीचं उदाहरण विचारलं. रहीम ताडकन उठला आणि मिरचीवालीची आरोळी जशीच्या तशी ठोकून मोकळा झाला.

साहेबांनी नाक मुरडलं. "हे काव्य आहे की भाजीबाजार? मास्तर, याचं उत्तर चुकलं असं वर्गाला सांगा."

अरे, काय चुकलं होतं? अलंकार काय फक्त पुण्याच्या दिवाणखान्यातच जन्माला येतात? आज इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझं डोकं भणभणतं.

"चुकलंच नाही साहेब, तं चुकलं काऊन म्हनू?" देवमन मास्तर म्हणाले.

"शेरा वाईट जाईल."

"जाऊ द्या. पोरगं बरोबर हाय."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा."

उत्तर बरोबर आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी म्हणालो, "चुकलं." रहीम माझ्याकडे बघतबघत खाली बसला.

देवमन मास्तरांची नोकरी गेली, माझी कायम झाली. साहेबांचा संताप येतो तो येतोच. पण त्यांना निदान कळत तरी नव्हतं. मला कळत होतं! मास्तर गाव सोडणार त्या दिवशी मी तोंड लपवून खोलीत बसलो होतो, तर तेच आले. आवाजात राग नावालाही नव्हता.

"तुले नोकरी पायजे होती, समजते मले. पन उद्या त्या पोराले सांगजो, त्याचं बरोबर होतं म्हनून. एवढंच कर."

दुसऱ्या दिवशी त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. रहीम वही उघडून माझ्याकडे बघत होता. मी पुस्तकातली व्याख्या फळ्यावर लिहिली आणि त्याच्याकडे न बघता म्हणालो, "उतरवून घ्या."