पाळी बदलताना

औषध चुकलं की आपण एकच नाव का शोधतो? महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं तेव्हाही चिखलीकडच्या आमच्या छोट्या दवाखान्याला सिस्टर दोनच होत्या. वयस्कर सिस्टर पाळीवर येताच प्रत्येक खाटेशी थांबून जाणाऱ्या तरुण सिस्टरला विचारत, “हिले काय देल्लं बाई, कवा देल्लं?” एका दुपारी तिथे दाखल असलेल्या माझ्या मावशीची उशी सरकली म्हणून मी वयस्कर सिस्टरना विचारपूस चालू असताना मधेच हाक मारली. शेजारच्या म्हातारीचं विचारायचं राहिलं. तरुण सिस्टरने आधीच दिलेलं गुंगीचं औषध त्यांनी तिला दुसऱ्यांदा दिलं. ती पुन्हा उठली नाही. डॉक्टर तरुण सिस्टरला कामावरून काढायला निघाले, तशा वयस्कर सिस्टर पुढे झाल्या. “तिनं सांगतलं नाही, पण म्या तरी कुठी इचारलं, साहेब? माह्यं नाव बी लिहा.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही. हाक मी मारली होती, हे मीही सांगितलं नाही. दोन सिस्टर खाटेशी बोलत असतील, तेव्हा कृपा करून त्यांना हाक मारू नका.