कोळ्यावर आळ

पुणे स्टेशनवर उतरले तेव्हा हवा छान गार होती, पण माझं डोकं भंडाऱ्यापासूनच तापलेलं. धाकटा भाऊ नितीन हडपसरच्या कारखान्यात कामाला. आठवडाभर तापाने पडलाय आणि फोनवर म्हणतो, "कोळी चावला, होईन बरा."

रिक्षाने हडपसर गाठलं. एकीकडे काचेच्या इमारती, दुसरीकडे भाजीचे ढीग आणि सगळ्यांवर सारखीच धूळ. नितीन खोलीत कुडकुडत होता. मांडीवर चटका बसल्यासारखी काळी खपली. घरमालकीणबाईंनी मला पिठलं-भाकरी वाढली आणि निदानही. "कातीण फिरलीया अंगावरनं. दुसरं काय नाय."

कातीण म्हणजे कोळी; अंगावर काहीही उठलं की असं म्हणायची रीतच आहे. पण कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी त्याचं 'कोळी चावला' केलं आणि दुसऱ्या डॉक्टरांनी तेच पुढे ढकललं. मलम झालं, इंजेक्शनं झाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ताई, मले उठवत नाही," नितीन म्हणाला. त्याला धाप लागत होती. तसाच रिक्षात घालून नारायण पेठेतल्या एका जुन्या दवाखान्याकडे निघाले. पेठेच्या तोंडाशी रिक्षावाला म्हणाला, "पुढे वन-वे आहे, चालत जा." तापाने फणफणलेल्या माणसाला! त्याला चार शब्द सुनावले आणि भावाला खांद्याचा आधार देत दवाखाना गाठला.

तिथल्या वयस्क डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून नितीनकडे पाहिलं. "कोळी पाहिलात आपण?"

"नाही."

"चावताना दुखलं?"

"कळलंच नाही."

"मग त्या बिचाऱ्यावर आळ कशाला? तापाआधी कुठे होतात?"

"गावी. आईसंगं गवत कापलं."

"स्क्रब टायफस. गवतातली डोळ्यांना न दिसणारी कीड चावते, मांडीला, कमरेला, काखेत. आणखी उशीर केला असतात तर मूत्रपिंडं गेली असती." रक्त तपासायला घेतलं, पण अहवालाची वाट न पाहता गोळ्या सुरू केल्या. दोन दिवसांत ताप उतरला. माझा राग मात्र उतरेना. एक साधा प्रश्न विचारायला यांच्या जिभा का झडतात?

नितीन जेवायला लागल्यावर मी परतले. घरी आई अंथरुणात. "अंग दुखून रायलं थोडं." मी आधी तिची कंबर पाहिली. तीच काळी खपली.

"काही नाही वं," आई म्हणाली, "कोळी मुतला असन."

पुण्यात मनसोक्त भांडले होते. इथे कुणाशी भांडू? कोळ्याचं नाव घेणं तर मी हिच्याकडूनच शिकले. तरी चिडलेच. पिशवी खाली न ठेवता, ओरडतच तिला उठवलं आणि आल्या पावली दवाखान्याकडे निघाले.