ओढ्यात टाकलेलं जाळं

परराज्यातल्या ज्या कारखान्यात मी कामाला आहे, त्याच्या मागे मोठं तळं आहे. आज सुट्टीच्या दिवशी एक म्हातारा तिथे मासे धरत होता. त्याने फेकलेलं जाळं हवेत ताटासारखं गोल उघडलं आणि अलगद पाण्यावर बसलं. खाली सगळा मऊ गाळ, त्यामुळे ते कुठेच अडलं नाही. मला मात्र बघवेना.

असंच जाळं मी गेल्या वर्षी गावी नेलं होतं. आमचा ओढा डोंगरातला, दगडधोंड्यांचा. बा दोन दगडांच्या फटीत बांबूचा सापळा लावतो, नाहीतर कपारीत हात घालून मासा धरतो. जसं पाणी तशी शिकार, हे त्याच्या हातांना ठाऊक आहे. आणि सातवीत शाळा सोडलेला मी त्याला म्हणालो, "बा, हे दळिद्री धंदे सोड आता."

"शहाणा होऊन आलाय," आई चुलीपाशी पुटपुटली.

बाने ते जाळं ओढ्यात टाकलं. ते खडकात अडकलं आणि ओढताना फाटलं. तो म्हणाला, "जाळं चांगलंय रे. आपला ओढाच अरुंद."

माझी चूक त्याने ओढ्यावर ढकलली. त्याच ओढ्याच्या माशांवर मी वाढलो होतो.

काल बा फोनवर सांगत होता, फाटकं जाळं खुराड्यावर पसरलंय, घार आता पिल्लं नेत नाही. "कामाला आलं बघ तुझं," म्हणाला.