काठोकाठ ग्लासाची रोझमेरी

खाडीपलीकडच्या गोराई गावातल्या रोझमेरी मिनेझिसला जगातली सगळी कामं यायची, एक सोडून. तिला ग्लास अर्धा भरता यायचा नाही. आणि नशिबाची थट्टा अशी की साठी उलटल्यावर तिला नेमकं तेच काम चालून आलं.

झालं असं की बोरिवलीच्या श्रुतिका तावडे नावाच्या मुलीने गावाच्या टोकाला छोटीशी वायनरी काढली होती. जांभळाची वाइन, करवंदाची वाइन, सगळं रीतसर परवाना घेऊन. लोकांनी यावं, चव घ्यावी, आवडली तर बाटली घेऊन जावं, यासाठी तिला एक बरीशी खोली हवी होती. रोझमेरीच्या घराची पुढची खोली रिकामीच होती. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती, थोरला ॲश्टन कॅनडात, धाकटी ॲश्ली नोकरीपायी दिवसभर अंधेरीला. श्रुतिका खोली बघायला आली, तिथेच जेवली, आणि जाताना म्हणाली, "आंटी, टेबलावर तुम्हीच बसा ना. तुमच्यासारखं बोलणं मला नाही जमणार."

आपण काय करून बसलो हे श्रुतिकाला पहिल्याच रविवारी कळलं. नियम साधा होता. चार प्रकारच्या वाइन, प्रत्येकीचे दोन घोट. रोझमेरीने पहिल्या पाहुण्याचा ग्लास हातात घेतला आणि बाटली अशी वाकडी केली की जांभळी वाइन काठाला टेकूनच थांबली.

"आंटी! दोन घोट!"

"दोन घोट देऊ पावन्याला? आमच्यात अर्धा ग्लास पुढे केला म्हंजे काय, माहीत हाय तुला? पी आनि नीघ!"

त्यानंतर बादलीचं प्रकरण. टेबलाखाली एक छोटी चकचकीत बादली ठेवली होती. ज्यांना वाइन गिळायची नसेल त्यांनी चव घेऊन त्यात टाकायची, असं श्रुतिकाने समजावून सांगितलं. रोझमेरीने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. "माज्या घरात पावना थुंकनार? माज्या वाइनवर?" वाइन काही तिची नव्हती, पण एवढ्यात झाली होती. पुढच्या रविवारी त्या बादलीच्या तळाला भोकं पडली होती, आत माती होती आणि मातीत गवती चहाचा ठोंब होता. श्रुतिकाने डोक्याला हात लावला आणि मग तिला हसू आवरेना.

शेवटी तह झाला. श्रुतिकाने इवलेसे ग्लास शोधून आणले, काठोकाठ भरले तरी दोनच घोट मावतील असे. रोझमेरीने ते उलटसुलट करून पाहिले, बाहुलीच्या लग्नातले दिसतात असा शेरा मारला, आणि ठेवून घेतले. भरलेला ग्लास देता आला की तिचं काम झालं.

सोबत खायला ती सुक्या बोंबलाची चटणी आणि फुगे ठेवायची. फुगे म्हणजे मैद्याचे हातावरून सोडून तळलेले गोल गोल गोळे, आतून हलके. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरात त्यांच्याशिवाय सण होत नाही. रोझमेरीचा मात्र दर रविवारी सण असायचा. खोलीत लांबलचक टेबल एकच. कुणी म्हणालं, आम्हाला जरा बाजूला बसायचंय, तर ती म्हणायची, "बाजू नाय आमच्याकडे. सरकून बसा." मग घाटकोपरचं नवं जोडपं मुलुंडच्या एकट्या आलेल्या डेंटिस्टीणबाईला चटणी सरकवायचं, आणि जेट्टीवर परत जाताना तिघं एकाच रिक्षात बसायची.

वनमाला सावंत आणि तिचे यजमान चंद्रप्रकाश तिथे आले ते चुकूनच. मुलाने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून ऑनलाइन बुकिंग करून दिलं होतं. हे जेवणाचं हॉटेल आहे अशी वनमालाची समजूत. मूळची मालवणची, बोरिवलीत चाळीस वर्षं काढली तरी जिभेवरचं मालवण हललेलं नव्हतं. तिने इवलासा ग्लास पाहिला आणि विचारलं, "ह्या काय गो, औषध?" पण करवंदाची वाइन घोटभर घेतली आणि ग्लास रिकामाच केला. मग म्हणाली, "आजून एक औषध दी." चंद्रप्रकाश दारूला शिवत नसत. ते बोंबलाच्या चटणीपाशी बसले आणि चटणी संपेपर्यंत उठले नाहीत. त्या दिवसापासून ही जोडी महिन्यातून दोनदा होडीने यायची. वनमाला वाइनला, चंद्रप्रकाश चटणीला. खरं तर दोघंही रोझमेरीला भेटायला यायची.

मग ॲश्लीचं लग्न ठरलं, मरोळच्या क्रिसशी. रोझमेरीची एकच इच्छा होती. लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' व्हायला हवं. म्हणजे बँड वाजवत सगळ्या गोतावळ्याने घरच्या विहिरीवर जायचं, पाणी भरून आणायचं आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. या घरातली एकही मुलगी त्या पाण्याशिवाय सासरी गेली नव्हती.

"ममा, गोतावळा आहे कुठे?" ॲश्ली म्हणाली. "पपांची माणसं सगळी ऑस्ट्रेलिया, कॅनडात. ॲश्टनला सुट्टी नाही. गावातली अर्धी घरं बंद. विहिरीवर जाणार कोण? तू, मी आणि बँडवाले? लोक हसतील यार."

"माणसं जमली तर?"

"बँडवाल्यांपेक्षा जास्त जमली तर करू. नाहीतर सरळ हॉलवर जायचं. प्रॉमिस?"

रोझमेरीने प्रॉमिस केलं आणि कामाला लागली. तिच्या गावची रीत अशी की बोलावणं घरी जाऊनच करायचं. उंबऱ्यावर उभं राहून तोंडाने सांगितलं तरच ते बोलावणं, नाहीतर नुसत्या गप्पा. ती गावात घरोघर गेली. पण त्याच दिवशी शेजारच्या मनोरी गावात दुसरं लग्न होतं, आणि गावातलं जवळजवळ प्रत्येक घर तिकडचं नात्यातलं निघालं.

मग वायनरीतली माणसं? त्यांना ती दर रविवारी निरोप देताना म्हणायचीच, "ॲश्लीच्या लग्नाला यायचं हां! आदल्या दिवशीच या, विहिरीवर जायचंय." पण ते काही बोलावणं नव्हतं. बोलावणं करायचं तर त्यांच्या दारी जायला हवं, आणि तिथे तिचं पाऊल अडखळायचं. ही माणसं पैसे देऊन वाइन प्यायला येतात. दारात उभं राहिलेलं पाहून त्यांना वाटेल, चार फुगे खाल्ले तर बाई आहेर मागायला आली. एकदा वनमालाकडे जायचं म्हणून ती बोरिवलीपर्यंत गेलीसुद्धा. बाजारातून भाजी घेऊन परत आली.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी लाल डगल्यातले सात बँडवाले अंगणात येऊन बसले. माणसं जमली होती पाच, श्रुतिका धरून. बँडवाल्यांचा चहा दोनदा झाला. ॲश्लीने रिकामे कप गोळा केले. ती रागावली असती तर रोझमेरीला बरं वाटलं असतं.

"राहू दे," रोझमेरी शेवटी म्हणाली. "प्रॉमिस ते प्रॉमिस. बँडला सांग, एक गानं वाजवा आनि जा." आणि ती स्वयंपाकघरात गेली, कारण रडायचं असलं की ती तिथेच जायची.

बँडवाल्यांनी ट्रम्पेट तोंडाला लावायच्या आत गल्लीच्या तोंडाशी रिक्षांची रांग लागली. पहिलीतून उतरली वनमाला, काठापदराच्या साडीत, मागून हातात डबा सांभाळत चंद्रप्रकाश. दुसरीतून घाटकोपरचं जोडपं. तिसरीतून डेंटिस्टीणबाई, सोबत तिची आई. आणि मागे आणखी, आणखी. होडीतच सगळ्यांची गाठ पडली होती.

रोझमेरी पीठ लागलेल्या हातांनी दारात आली. "अगं पन मी तुमच्या घरी बोलवायला आले नाय!"

"दर रविवारी दारात उभी रवान 'लग्नाक येवा' म्हणतंस, मगे ता काय होता?" वनमाला म्हणाली. "आता रडा नको. खावक काय केलंस?"

केलं होतं पाच माणसांपुरतं. वनमालाने पदर खोचला आणि चुलीपाशी ठाण मांडलं. फुगे तिला जमेनात. गोल सोडायला गेलं की चपटे पडत. मग तिने उरलेल्या पिठात तांदळाचं पीठ घातलं, थापून वडे तळायला घेतले आणि जाहीर केलं की फुगे आणि वडे हे मावसभाऊच आहेत. बँडवाल्यांनी दोन्ही खाल्ले, तक्रार कुणाचीच आली नाही.

विहिरीवर सुपारी टाकली, पाणी शेंदलं, आणि एकदम सगळे थांबले. भरलेली कळशी नवरीच्या मावशीने घरी आणायची असते, आणि मावशी होती सिडनीत. बँडही थांबला.

"हडे दी ती कळशी," वनमाला म्हणाली. चुंबळ डोक्यावर ठेवून तिने कळशी घेतली आणि चालू लागली, तीही अशी ठसक्यात की बँडवाल्यांना तिच्या चालीवर वाजवावं लागलं. रोझमेरी मागून हसत होती आणि रडत होती, आणि यातलं काहीच लपवायची तिला गरज वाटली नाही.

लग्न झकास झालं. ॲश्ली मरोळला गेली. सगळे आपापल्या कामाला लागले, पण रोझमेरीच्या मनातून एक गोष्ट जाईना. पुढच्या सोमवारी तिने ठेवणीतला ड्रेस घातला, केक आणि फुगे डब्यात भरले आणि होडी पकडली.

वनमालाने दार उघडलं. "अगो, तू? काय झाला?"

रोझमेरी उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "ॲश्लीचं लग्न हाय. तुमी दोघांनी यायचं. घरी येऊन सांगितलं हां."

"लगीन झाला मा गो! वडे तळून हात आजून दुखतत."

"लग्न झालं. बोलावनं राहिलं होतं," रोझमेरी म्हणाली. "आता हितनं घाटकोपरला जायचंय, मग मुलुंडला."

वनमालाने तिच्याकडे पाहिलं. हसू आलं होतं ते तिने गिळलं, पदर सारखा केला आणि गंभीरपणे मान डोलावली. "येतंव हां. दोघांय येतंव."

मग तिने रोझमेरीला हाताला धरून आत बसवलं आणि सोलकढी आणायला गेली. स्टीलचा भलामोठा ग्लास तिने दोन्ही हातांनी धरून आणला, एकेक पाऊल जपून टाकत, तरी चार थेंब लादीवर सांडलेच. रोझमेरीने ग्लासाचा काठ पाहिला. मग तिने पायातल्या चपला काढून नीट भिंतीशी ठेवल्या. घाटकोपर उद्या.