अल्लीपूरच्या वानराचं सुतक

सत्तरचं दशक सरता सरता मला नोकरी लागली, ती गोचीड वेचण्याची. तिकडे कर्नाटकाच्या जंगलात वानरं मरायची आणि त्यांच्यामागून माणसांना ताप यायचा. तो ताप गोचिडांमुळे पसरायचा. तसलं काही आपल्या भागात आहे का, यावर नजर ठेवायचं आमचं काम. प्राणिशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलेल्या मला याहून थोर काम जगात दिसेना. पदाचं नाव लांबलचक होतं. ते मी सेलूतल्या आमच्या घराच्या दारावर पाटी रंगवून लावलं. आठवड्याभरात गावानं ते ‘गोचिडवाला’ एवढ्यावर आणलं.

पांढरं फलालीचं कापड काठीला बांधून झुडपांमधून ओढत न्यायचं आणि त्यावर चढलेले गोचीड चिमट्यानं उचलून काचेच्या नळीत टाकायचे. गुरांचे कान तपासायचे. कुठं वानर मेल्याचं कळलं की ताबडतोब धावायचं, कारण अंग थंड पडलं की गोचीड ते सोडून दुसरं ऊबदार अंग शोधतात. आम्ही कपडेही पांढरे घालायचो, म्हणजे अंगावर चढलेला गोचीड दिसतो. मी त्या कपड्यांना कडक इस्त्री करायचो, त्याला मात्र काही शास्त्रीय कारण नव्हतं. घरी आईशी मी मले-तुले असंच बोलायचो, पण ते कपडे अंगात घातले की माझी भाषा एकदम पुस्तकी व्हायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका सकाळी अल्लीपूरहून निरोप आला की गावात वानर मेलं आहे. मला आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. वर्षभर मी गाईबैलांच्या कानांत डोकावत होतो आणि आता खरं काम हाती आलं होतं. जीपमध्ये बसल्या बसल्या मी मनातल्या मनात अहवालाचं पहिलं वाक्यही रचलं.

पोचलो तर वानर मारुतीच्या देवळासमोर तिरडीवर होतं. चांगला मोठा नर होता. अंगावर गुलाल, गळ्यात झेंडूचा हार, भोवती बायाबापड्या दाटीवाटीनं बसलेल्या, आणि टाळांवर भजन चाललेलं. मी हातमोजे चढवले आणि पुढं होऊन म्हणालो, “कृपया सर्वांनी मृतदेहापासून दूर व्हावे. प्राण्यापासून मानवाला होणाऱ्या रोगाची शक्यता नाकारता येत नाही.”

कुणी हललं नाही. एका म्हातारीनं शेजारणीला विचारलं, “काय म्हनून राह्यला वं हा?”

“गोचिडं पाह्यतो म्हन्ते.”

“काऊन? मारुतीच्या अंगावर गोचिडं राह्यते का?”

भजन थांबवून एक काकाजी माझ्याकडे आले. भजनी मंडळाचे ते प्रमुख, गावात त्यांच्या शब्दाला मान. माझं सगळं बोलणं त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “साहेब, अंगाले हात लावाचा त घरच्या मानसानं लावाचा. आंघोय घालाची अजून बाकीच हाये. तुमी घरचे होता का?”

मला वाटलं, ही बोलण्याची रीत आहे. तिकडे एकेक गोचीड उतरून बायांच्या पदराकडे निघाला असेल, या काळजीनं माझा जीव खालीवर होत होता. मी घाईनं म्हणालो, “हो, हो. घरचाच समजा.”

“मंग हरकत नाई,” काकाजी म्हणाले, आणि पुन्हा भजनात जाऊन बसले. आमचा ड्रायव्हर माझ्याहून वीस वर्षांनी मोठा आणि असल्या गावांत आयुष्य गेलेला. त्याच्या तोंडात तंबाखू होती. तो माझ्याकडे बघून नुसता मान हलवत राहिला. ती मान ‘नको’ म्हणत होती, हे मला नंतर कळलं.

मी मांडी ठोकून बसलो. वानराखाली पांढरं कापड सरकवलं, बारीक दातांची फणी घेतली आणि शेपटीपासून विंचरायला सुरुवात केली. एकेक केस बाजूला करत, कानांच्या मागं, काखेत, मानेखाली. एखादा गोचीड दिसला की मी नकळत “ये, ये बाळा” असं पुटपुटायचो. सात मिळाले. तोपर्यंत मागं बायांचं मुसमुसणं सुरू झालं होतं. ती मघाची म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, “कोनाचा हाये त पोरगा! किती मायेनं इंचरून राह्यला पाय.”

नळ्यांना बोळे लावून मी उठलो. मग वानराला आंघोळ घातली, तीही मलाच घालायला लावली. मीही मोठेपणानं घातली. आता निघावं म्हणून हातमोजे काढतोय, तर समोर न्हावी पाण्याची वाटी आणि वस्तरा घेऊन बसलेला.

“बसा साहेब.”

“कशाला?”

“घरचे ना तुमी?”

मी काकाजींकडे पाहिलं. भजन थांबलं होतं आणि सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. मी शास्त्र सांगू लागलो, नियम सांगू लागलो, शेवटी पुस्तकी भाषा संपली आणि म्हणालो, “काकाजी, मले सोडा ना जी.”

काकाजी अजिबात रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “बापू, तुमी हो म्हनलं म्हनून आमी हात लावू देल्ला.”

हातमोजे बाजूला ठेवून मी बसलो.

अर्धं डोकं झाल्यावर न्हावी सहज म्हणाला, “बिचाऱ्याचा तयहात पाह्यला का? कोयसा झाला पुरा. आज पहाटी इजेच्या तारेले लोंबकयला अन् पटकन् खाली आला.”

मी डोकं हलवलं, तसा वस्तरा लागला. “हे तुम्हाला माहीत होतं?”

“अख्ख्या गावाले माहीत हाये. तुमी इचारलंच नाई.”

कान, काख, मान, सगळं मी तपासलं होतं. तळहात बघायचं राहून गेलं होतं.

मिशीसकट सगळं झाल्यावर ड्रायव्हरनं मला सेलूला घरी सोडलं. आई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं माझं डोकं पाहिलं आणि सूप खाली टाकून अशी किंकाळी फोडली की आजूबाजूचे चार घरचे लोक धावत आले. वडील गोठ्यातून शेणाचे हात घेऊन बाहेर आले.

“काय झालं बे?” ते म्हणाले. “मी त जित्ता हाव!”

मी वानराची हकिकत सांगितली. सांगताना मला अचानक रडू आलं. अपमानाचं असावं, पण त्यात त्या मोठ्या नराच्या कपाळावरचे मऊ केसही कुठंतरी होते. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग आईला म्हणाले, “याले पह्यले आंघोयीले पानी दे. घरचं मानूस गेलं त्याचं.” आणि गोठ्यात परत गेले. ते तिथं एकटेच हसत असल्याचं मला न्हाणीतून ऐकू येत होतं.

नमुने प्रयोगशाळेत गेले. कित्येक आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: सहा नमुने नेहमीच्या जातीचे गोचीड, विषाणू आढळला नाही; सातवा नमुना गुलाल लागलेला तीळ. आमच्या साहेबांनी ते पत्र सगळ्या कचेरीला वाचून दाखवलं.

त्या पट्ट्यातल्या गावांत मात्र माझं काम एकदम सोपं झालं. अल्लीपूरपासून वडनेरपर्यंत कुठंही वानर मेलं की लोक स्वतः होऊन सांगावा धाडायचे, अंगाजवळ कुणाला बसू द्यायचे नाहीत आणि मी येईपर्यंत सावलीत थांबायचे. जे मी भाषणं देऊन वर्षभरात जमवलं नव्हतं, ते झालं. पुढच्या चार-पाच वर्षांत मी पुष्कळ वानरं विंचरली आणि तो ताप काही आमच्याकडे सापडला नाही. दर वेळी मी आधी तळहात बघायचो, आणि कुणी काही विचारलं तर हो म्हणण्यापूर्वी ड्रायव्हरच्या मानेकडे.