सासूबाईंनी वाटलेली पानं

आमच्या घरात पाटा-वरवंटा नाही, याचं कारण इस्पिकचा एक्का. त्याच्या जोडीला बदामचा एक्काही होता. खरं तर दोघंही निर्दोष आहेत. दोषी मी.

धोंड्याचा महिना होता. इंदापूरच्या अलीकडे माझी सासुरवाडी. तिथं दोन्ही जावई जेवायला गेलेलो. मी बारामतीचा, ठिबकच्या नळ्या विकणारा. आणि माझे साडू अभिजित पुण्याचे, संगणकावर काहीतरी करणारे (काय करतात ते त्यांनी मला तीन वेळा समजावलंय, आता चौथ्यांदा विचारायची लाज वाटते). पुरणाचे धोंडे तुपात पोहत होते. मी दोनावर थांबलो. डॉक्टरांनी साखर जपायला सांगितली होती, म्हणून.

"दोनच?" सासूबाई म्हणाल्या. "पुण्याच्या पाव्हण्यांनी पाच खाल्लं."

हे 'दोनच' लक्षात ठेवा. सासूबाईंनी ठेवलं होतं.

जेवणं झाली आणि सासूबाईंनी विषय काढला. खांदा दुखतो, आता पाट्यावर वाटण होत नाही, पोरींपैकी कुणीतरी पाटा-वरवंटा घेऊन जा.

"मला!" माझी बायको सुनंदा म्हणाली.

"मला!" तिची धाकटी बहीण मनीषाही त्याच क्षणी म्हणाली.

सुनंदा त्या पाट्यावर वाटण शिकली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी मिक्सरमधली चटणी तिला चटणी वाटत नाही. चिखल वाटतो. मनीषाला पाटा हवा होता बाल्कनीत ठेवायला, वर मनी प्लांटची कुंडी.

"दगडावर कुंडी?" सुनंदा म्हणाली. "आणि वाटायचं कशावर, कुंडीवर?"

पेटलं! सासूबाईंना दोन्ही लेकी सारख्या, त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला. चिठ्ठ्या टाकू म्हटलं, तर चिठ्ठी कोण उचलणार यावर भांडण. तेव्हा माझा मेव्हणा संजू मध्ये पडला. संजू डाळिंबाच्या बागेत असतो, आणि बागेत नसला की मोबाईलवर पोकरच्या स्पर्धा खेळतो. पैसे-बिसे काही नाही, नुसत्या नंबरासाठी.

"जावयांनी खेळून ठरवा," तो म्हणाला. "जास्त टिकंल त्याच्या बायकोचा पाटा. मी आन् आबा भरतीला बसतो."

आबा म्हणजे माझे सासरे. सतरंजी अंथरली. प्रत्येकाला शंभर चिंचोके. पानं कोण वाटणार? अभिजितना संजूचा भरवसा नव्हता, मला अभिजितचा. मग सासूबाईंनाच बसवलं. त्यांना दोन्ही लेकी सारख्या, म्हणजे पक्षपाताचा प्रश्नच नाही!

संजूनं मला बाजूला घेतलं. "दाजी, ध्यान द्या. दोन पानं तुमच्या हातात, पाच मधी उघडी, त्यातनं चांगला मेळ लावायचा. पर खरा खेळ पयल्या दोन पानांतच हाय. सुरवातीला बोली, म्हंजी दर डावाला बसायचं भाडं, बारकी असती, घाई न्हाय. धातल्या आठ येळा बघायचं आन् टाकून द्यायचं. मोठी जोडी आली तरच उतरायचं. अर्ध्या तासानं बोली वाढंल, तवर नुसतं बसून ऱ्हायचं."

नुसतं बसून राहायचं! माणसाला सासुरवाडीला दुसरं येतं काय? मी निर्धास्त झालो.

पहिली पानं आली. सत्ती आणि दुर्री. मी शहाण्यासारखी खाली टाकली.

"का वो पाव्हणं?" सासूबाई म्हणाल्या. "मी दिल्याली पानं आवडली न्हाईत व्हय?"

"तसं नाही आई, खेळच तसा..."

"ऱ्हाऊ द्या. मघाशी धोंडंबी दोनच खाल्लं."

दुसऱ्या डावाला तिर्री आणि अठ्ठी. तीही टाकली.  सासूबाईंनी ती पानं उचलली, पदरानं पुसली आणि गठ्ठ्यात ठेवली. उष्टं ताट उचलावं तशी.

स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाचा आवाज आला, "अहो, आईनं दिलेलं घ्या की! सारखं काय टाकताय?"

आता सांगा, माणसानं काय करावं? समोर सासू, मागे बायको, आणि मध्ये छक्की-चव्वी! मी घेतली. वीस चिंचोके गेले. पुढच्याला पंजी-नव्वी आली, तीही घेतली, सासूबाई हसल्या, पंचवीस गेले. मी जितका हरत होतो, तितक्या त्या खूश होत होत्या. "बघा, कसं गुणानं खेळत्यात!"

अभिजित मात्र डावामागून डाव टाकत होते. पहिल्यांदा टाकलं तेव्हा हात जोडून म्हणाले, "आई, तुमच्या हातची पानं फार भारी. मला पेलत नाहीत हो!" सासूबाई लाजल्या! "शहाणं हाय लेकरू," म्हणाल्या. हे वाक्य मला का सुचलं नाही, या विचारात माझे आणखी पंधरा गेले.

आबा तिसऱ्याच डावाला पानं हातात धरून घोरायला लागले होते. त्यांची पानं संजू न बघताच खाली टाकायचा. थोड्या वेळानं मी नजर टाकली, तर झोपलेल्या आबांपुढे ब्याऐंशी चिंचोके होते आणि जाग्या माझ्यापुढे अकरा.

मी चुळबुळायला लागलो. एकदा या मांडीवर, एकदा त्या मांडीवर. उजवा गुडघा असा हलत होता की सतरंजीवरचे चिंचोके आपोआप अभिजितकडे सरकायला लागले. दारात सुनंदा कोपरानं चौकट घासत उभी. तिनं बोटं दाखवून विचारलं, किती राहिले? मी पाणी प्यायचं नाटक केलं. भांडं रिकामं होतं.

आणि मग पानं आली.

मी एक कोपरा उचलला. इस्पिकचा एक्का. दुसरा उचलला. बदामचा एक्का! संजू ज्याच्यासाठी 'नुसतं बसून ऱ्हायचं' म्हणाला होता, ते हेच! समोर अभिजितनी पहिल्यांदाच तीस चिंचोके पुढे सरकवले. म्हणजे त्यांच्याकडेही काहीतरी होतं. अकराचे बावीस, बावीसचे चव्वेचाळीस, पाटा डिकीत, सुनंदा खूश... आता माझे दोन्ही गुडघे हलत होते.

"पाव्हणं," सासूबाई एकदम हळव्या आवाजात म्हणाल्या. "मघापास्नं बगती. लय तगमग व्हतीया तुमची. माज्यापायी घेताय ना समदं? मला कळत न्हाय व्हय? आवो, नगं आसतील तर टाका. मला कायबी वाटायचं न्हाय."

"नाही आई, ही जरा..."

"टाका म्हनती ना! माज्या गळ्याची आन हाय!"

सगळे माझ्याकडे बघत होते. आबासुद्धा जागे झाले. बावीस वर्षांची सवय हो! सासूबाईंनी 'बसा' म्हटलं की बसायचं, 'उठा' म्हटलं की उठायचं. माझ्या तोंडून 'बरं, आई' बाहेर पडलं आणि त्याच्या मागोमाग दोन एक्के.

मध्ये पाच पानं उघडली. त्यात तिसरा एक्का. अभिजित राजाच्या जोडीवर डाव घेऊन गेले. संजूला शंका आली, त्यानं माझी पानं उलटून पाहिली आणि तो सतरंजीवर आडवाच झाला.

"दाजी! आवो ह्याच्यासाठी लोक दिस-दिस वाट बगत्यात!"

पुढच्याच डावाला बोली वाढली, आणि माझे अकरा चिंचोके नुसत्या बसायच्या भाड्यात गेले. संजूच्या भाषेत, सुरुवात संपली होती. तिच्याबरोबर मीही. आबा परत झोपले होते आणि अजून खेळात होते.

पाटा अभिजितच्या गाडीत चढवायला एकटा माणूस पुरेना. थोरला साडू म्हणून एक बाजू मी धरली. तो पायावर पडला नाही, एवढंच त्या दिवशी माझ्या मनासारखं झालं.

परतीला निघालो. निमगाव केतकी गेलं, लासुर्णे गेलं. भवानीनगरला तिनं तोंड उघडलं.

"ती शेवटची दोन पानं चांगली होती म्हणे?"

"सगळ्यात चांगली."

"मग टाकली कशाला?"

"आई म्हणाल्या."

"आईला खेळ येतो?"

मी आरशात मागून येणारा ट्रॅक्टर बघत राहिलो. फार मागे होता, पण बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताटात चटणी आली. मिक्सरमधली. शेंगदाणे अर्धवट, मीठ नाही आणि मिरची मात्र घरात होती तेवढी सगळी. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनंदा समोर हाताची घडी घालून बसली होती. अगदी आपल्या आईच्या आवाजात, हळवं होऊन ती म्हणाली, "नको असेल तर टाका. मला काही वाटणार नाही."

मी आणखी दोन चमचे वाढून घेतली.